पिंप भरेपर्यंत

हौशीरामने वीज केली. विकत घेतली नाही, दारच्या ओढ्यातून केली. एवढं ऐकून लोक ‘वा’ म्हणतात आणि पुढचं ऐकत नाहीत. मला पुढचंच सांगायचं आहे, म्हणून कौतुक आधी उरकून घेते.

त्याला मी नववीत शिकवलं. कामशेतची शाळा, माझी पहिली नोकरी, आणि वर्गात हा एकच मुलगा असा की अडलं की हात वर न करता सरळ टेबलाशी येऊन उभा राहायचा. दहावी झाली, आयटीआय झालं, सात-आठ वर्षं बाहेरगावी पडेल ते काम केलं, मग तळेगावला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. कारखाना नवलाख उंबरे गावाला हलला तेव्हा त्याच्याबरोबर तोही हलला. बत्तीस वर्षं नोकरी केली. एवढी वर्षं तो इतर कामगारांबरोबर खोलीत राहिला आणि त्याची बायको हिरा वर करंजवाडीत, सासू-सासरे, दोन म्हशी आणि भाताची चार खाचरं सांभाळत. आंदर मावळात रस्ता संपतो तिथून तासभर चढ चढलं की करंजवाडी. एके काळी अकरा घरं होती. आता दोन, आणि त्यातल्या एकाला कुलूप.

लाईट होती वाडीत. मग एका वादळात खांब आडवे झाले आणि आडवेच राहिले. एका मीटरसाठी डोंगरावर नवे खांब कोण उभे करणार? अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला हौशीराम चार वेळा गेला. पाचव्यांदा तो माझ्याकडे लोणावळ्याला आला.

“बाई, तुमीच शिकवलंतं,” म्हणाला. “पानी वरनं खाली पडलं की त्यात जोर असतो. त्या जोराची वीज किती व्हईल, तेवडा आकडा लावून द्या.”

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? निवृत्त शिक्षिकेकडे लोक लग्नाच्या पत्रिका घेऊन येतात, गणित घेऊन कोणी येत नाही. मी त्याला दोन गोष्टी मोजून आणायला सांगितल्या: पाणी किती मीटरवरून पडतं आणि सेकंदाला किती लिटर. पुढच्या दिवाळीच्या रजेत त्याने दोन्ही मोजलं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने उंची काढली, चोवीस मीटर. मग ओढ्याचं सगळं पाणी एका पाइपात घेऊन दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात सोडलं आणि घड्याळ लावलं. पिंप तेहतीस सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला सहा लिटर.

चोवीस गुणिले सहा गुणिले गुरुत्वाकर्षणाचे दहा, आणि घरगुती यंत्रात निम्मं वाया जातं म्हणून त्याचे निम्मे. सातशे वीस वॉट. मी आकडा कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. घरातले दिवे, पंखा, मिक्सर, मोबाइल, सगळं चालून उरेल म्हटलं. ओढा कुठपर्यंत वाहतो, हेही विचारलं. होळीपर्यंत, तो म्हणाला. लहानपणी होळीला त्याच ओढ्यात ते रंग धूत असत.

मे महिन्यात तो निवृत्त झाला आणि त्याच उन्हाळ्यात त्याने सगळं उभं केलं. वर ओढ्याला दगडांचा छोटा बांध, पाला अडवायला जाळी, शेजारी सिमेंटचा हौद, हौदातून खाली घरापर्यंत काळा पाइप. पाइपाच्या तोंडाशी चाक. त्या चाकाला पाण्याचा मारा झेलायला वाट्या लागतात. त्या विकत मिळतात, पण त्याने तळेगावच्या भांड्यांच्या दुकानातून वरण वाढायचे अठरा डाव आणले, दांडे कापले आणि वाट्या चाकावर वेल्ड केल्या. दुकानदाराने विचारलं, लग्न कोणाचं? हा म्हणाला, ओढ्याचं. चाकाला भंगारातली मोटर जोडली. मोटर बाहेरून फिरवली आणि नीट कपॅसिटर लावले की ती वीज खायच्या ऐवजी वीज देते.

एक गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी, पुढे लागणार आहे. असली वीज साठत नाही. जेवढी होते तेवढी त्या क्षणी संपवावी लागते. घरात दिवे बंद केले तर चाक मोकाट सुटतं, विजेचा दाब चढतो आणि सगळं जळतं. म्हणून उरलेली वीज आपोआप एका पाणी तापवायच्या रॉडकडे जाईल अशी सोय त्याने केली होती, आणि तो रॉड तांब्याच्या हंड्यात सोडला होता. आषाढात पहिल्यांदा दिवा लागला त्या दिवसापासून हिराला चोवीस तास कढत पाणी. “बत्तीस वर्सं कंपनीत होते,” ती मला म्हणाली, “आता कंपनीच घरी आनली. आंगूळ कितींदा करायची मानसानं?”

झालं कौतुक.

हिराला खोकला होता. चुलीपुढे जन्म गेलेल्या बायकांना असतो तसा, म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. भाद्रपदात ती खाचराच्या बांधावर बसली ती उठेना. ओठ निळे पडलेले. मुलगा कैलास तळेगावला कारखान्यात आहे, तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. फुप्फुसं वाळल्यासारखी कडक झाली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधाने बरं होणारं नाही. मशीनमधून ऑक्सिजन घ्यायचा, जवळजवळ दिवसभर, आणि आयुष्यभर. मशीन हवेतून ऑक्सिजन काढतं, पण त्याला वीज लागते. साडेतीनशे वॉट. सतत.

मग दीड महिना ती कैलासच्या खोलीत. तिसरा मजला, जिना अरुंद, एक खिडकी, आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. सून सारिका वाईट नाही. सकाळी स्वयंपाक करून नोकरीवर जायची, आल्यावर सासूचे पाय चेपायची. पण दिवसभर हिरा एकटी, नाकात नळी आणि समोर भिंत. तिथे मी भेटायला गेले तेव्हा माझ्याशी ती एकच वाक्य बोलली: “बाई, मला घरी न्यायला सांगा त्यांना.” आणि तोंड फिरवून झोपली.

हौशीराम जिन्यात उभा होता. त्याने मला हिशेब घालायला लावला. मशीनला साडेतीनशे, आपल्याकडे सातशे वीस. बसतंय का? बसतंय, मी म्हटलं. उलटं काढून दिलं: पिंप भरायला अडुसष्ट सेकंदांपेक्षा जास्त लागायला लागले तर मशीन चालणार नाही. दिवाळीत तेहतीस लागतात, म्हणजे भरपूर जागा आहे. होळीपर्यंत वर, उन्हाळ्याचे तीन-चार महिने इथे, पाऊस पडला की पुन्हा वर. सोलरचा विषय मीच काढला होता, पण वाडी डोंगराच्या पोटात. थंडीत चार तास ऊन, आणि अख्खी रात्र मशीन चालवायला लागणाऱ्या बॅटऱ्या त्याच्या आवाक्याबाहेरच्या. ओढा मात्र रात्रंदिवस वाहतो.

कैलास नको म्हणत होता. हौशीराम त्याला म्हणाला, “तिनं माझ्यासाटी बत्तीस वर्सं घर धरून ठिवलं. मी तिला मरायला भाड्याच्या खोलीत ठिवू?” आणि हिरासमोर, सगळ्यांसमोर त्याने सांगितलं: होळीपर्यंत तुला कोणी घरातून हलवणार नाही.

दिवाळीत चार माणसांनी झोळी करून तिला वर नेलं. एक ऑक्सिजनचा सिलिंडर अडीनडीला बरोबर घेतला होता, साधारण बारा तास पुरेल एवढा. मशीन लावलं, सुरू झालं. हिराने म्हैस बांधायच्या जागेकडे तोंड करून बाज टाकायला लावली. म्हशी केव्हाच विकल्या होत्या. तरी तिकडेच.

त्या दिवशी पिंप पस्तीस सेकंदांत भरलं.

मी दर पंधरा दिवसांनी जायचे. लोणावळ्याहून लोकलने कान्हे, तिथून वडापची जीप, मग चढ. सत्तरीत चढ चढणं शहाणपणाचं नाही, पण घरी बसून तरी काय शहाणपण मिळतं? हिरा सुधारली असं म्हणणार नाही, ती सुधारणारच नव्हती. पण ती बोलायला लागली. बाजेवरून नवऱ्याला स्वयंपाक शिकवायची. तो भाकरी थापायचा आणि ती म्हणायची, “चाक न्हाई ते, जरा हलक्या हातानं.” नळी नाकात तशीच. मशीनच्या घरघरीत दोघं इतकं बोलत की मला वाटायचं, बत्तीस वर्षांचं साचलेलं काढतायत.

तो दिवसातून सहा-सात वेळा बांधाकडे चढून जाळीवरचा पाला काढायचा. रोज सकाळी चाकाखालून निघणाऱ्या पाण्याने पिंप किती सेकंदांत भरतं ते मोजायचा. मार्गशीर्ष लागला तेव्हा चव्वेचाळीस. त्याने फोनवर सांगितलं, आवाज साधाच होता. मी म्हटलं, थोडं कमी होणारच. दत्तजयंतीला पंचावन्न. तेव्हा मात्र मी कॅलेंडर काढलं. एका पंधरवड्यात अकरा सेकंद. होळी कुठे आणि आपण कुठे, हे काढायला पदार्थविज्ञान लागत नाही.

मी वर गेले. आम्ही दोघांनी ओढ्याच्या काठाने शोध घेतला. बांध गळतोय का, पाइप फुटलाय का, वर कोणी पाणी वळवलंय का. काही नाही. मग मी त्याला तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. “दिवाळी सोडून दुसऱ्या कुठल्या महिन्यात तू हा ओढा नीट पाहिलायस?”

तो विचार करत दगडावर बसला. चैत्रात जत्रेला यायचो, म्हणाला, तेव्हा कोरडा असतो. आणि मधले महिने? महिन्या-दीड महिन्याने एखाद्या सुट्टीला यायचा, अंधारात पोचायचा, सकाळी जेवून निघायचा. वाटेत ओढा दगडांवरून ओलांडायचा, पण पाणी किती हे बघायचं कारणच काय? पाणी घरात भरलेलं असायचं. होळीपर्यंत वाहणारा ओढा हा त्याच्या नववीतला ओढा होता. त्यानंतर वरची झाडी गेली, माळ सपाट झाला, तिथे प्लॉट पडले. चाळीस वर्षांतल्या मार्गशीर्ष-पौषाची त्याला काहीही माहिती नव्हती. आणि मी त्याच्याच आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तिथल्या तिथे आम्ही धडपड सुरू केली. बांधाला चिकणमाती लिंपली. पाण्याचं तोंड बारीक करायला त्याने नवं नोझल बनवलं. डावांच्या वाट्या घासून चकचकीत केल्या. दिवा बंद केला, पंखा तर नव्हताच लावत, हंड्यातला रॉड गारच असायचा. हिराला अंघोळीचं पाणी पुन्हा चुलीवर, आणि ती चूल पेटवताना तो दार-खिडक्या सताड उघडून धूर हाताने बाहेर घालवायचा. तिला कळलं असेल का? मी विचारलं नाही. मला वाटलं, तिला सांगून काय उपयोग, उगाच जीवाला घोर.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. हौशीराम दारात नव्हता. ओढ्यावर निळ्या पिंपाशी उभा होता, हातात घड्याळ. मी जवळ गेले तरी त्याने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा मोजतोय, म्हणाला. एकाहत्तर.

घरात मशीन एकसारखं टीं टीं करत होतं. विजेचा दाब कमी पडला की ते तसं ओरडतं. त्याने ते बंद केलं, सिलिंडरची नळी जोडली आणि कैलासला फोन करायला, रेंज मिळते त्या ओढ्याकाठच्या टेकाडावर गेला. मी हिराजवळ बसले. तिळगूळ हातात तसाच.

“तुटला का वढा?” तिने विचारलं. हवामान विचारावं तसं. धार बारीक पडली की वाडीत ओढा तुटला म्हणतात.

मी हो म्हटलं.

“संक्रांतच हाय न्हवं आज. तुटायचाच.”

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं, आणि सत्तर वर्षांत मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती. या बाईने या ओढ्यातून चाळीस वर्षं पाणी भरलं होतं. म्हशी पाजल्या होत्या, धुणं धुतलं होतं. कुठल्या आठवड्यात हंडा बुडतो, कुठल्या आठवड्यात वाटीने भरावा लागतो, हे तिच्या हातांना माहीत होतं. फिटरने नळी लावून उंची मोजली, शिक्षिकेने गुणाकार केला, आणि बाजेवर पडलेल्या बाईला दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“व्हय. वर प्लॉटं पडली त्या सालापास्नं संक्रांतीला तुटतोय. त्याच्या मागं न्हाई, फुडं न्हाई.”

“मग बोलली का नाहीस?”

“इचारलं कुनी?” ती म्हणाली. थांबली, दम घेतला. “आन् सांगितलं आसतं, तर आनलं आसतं का मला वर?”

आणलं नसतं.

“दोन महिनं मिळालं, बाई. त्यांच्या हातची भाकर खाल्ली.” मग माझा हात धरला. तिच्या बोटांत काहीच जोर नव्हता. “आता हालवू नका म्हनावं. हितंच ठिवा. हवा काय, सरंल तवा सरंल.”

हौशीराम टेकाडावरून आला तेव्हा तिने त्याला तेच सांगितलं. नजर त्याच्यावरून न काढता. होळीपर्यंत हलवणार नाही म्हणाला होतात, असं ती म्हणाली नाही. गरज नव्हती, ते वाक्य घरात उभंच होतं.

मी त्या वेळी काय करायला हवं होतं, याची उत्तरं मला पुष्कळांनी दिली आहेत. डॉक्टर मंडळी म्हणतात, लगेच खाली नेणं योग्यच. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तिची इच्छा होती, ठेवायचं होतं. त्यांच्यापैकी कोणीही तेव्हा त्या घरात नव्हतं. सिलिंडरचा काटा खाली येताना बघत बसायचं, आणि तो शून्यावर आला की आपल्या माणसाचे ओठ पुन्हा निळे होताना बघायचं, हे ज्याला जमेल त्याने बोलावं. हौशीरामला नाही जमलं. मलाही जमलं नसतं. तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “न्हाई बघवनार मला.” एवढंच. तिने डोळे मिटून घेतले. त्यानंतर ती त्याच्याशी फारसं बोलली नाही.

दुपारी कैलास माणसं घेऊन आला. झोळी बांधली. सिलिंडर बरोबर घेतला. उतरताना ओढा ओलांडावा लागतो. दगडांवरून पाय न भिजवता सगळे पलीकडे गेले.

ती तळेगावच्या त्याच खोलीत माघात गेली. होळीला अजून महिना होता. त्या खोलीतली वीज एकदाही गेली नाही, मशीन अखेरपर्यंत चालू होतं.

पाऊस लागल्यावर हौशीराम एकटाच वर राहायला गेला. कैलास-सारिकाने पुष्कळ अडवलं. श्रावणात मी गेले तर चाक गरगर फिरत होतं, आणि घरात एकही दिवा नव्हता. कोपऱ्यात तांब्याचा हंडा रटरटत होता. सातशे वॉट, सगळे त्या हंड्यात. घरभर वाफ. झाकण काढून ठेवलेलं, पाणी अर्ध्यावर आलेलं. मी चिडले. माणसाने स्वतःला किती छळावं, म्हटलं, दिवा तरी लाव, नाहीतर बंद कर ते.

“बंद ठिवलं तर बेरिंग गंजून धरतंय, बाई,” तो म्हणाला आणि हंड्यात आणखी दोन तांबे पाणी ओतलं.

दिवाळीपासून त्याने पुन्हा पिंप मोजायला सुरुवात केली. रोज सकाळी. आता त्या विजेवर कोणाचा जीव नाही, दिवा एक की दोन याने काही बिघडत नाही, तरी मोजतो. मला पंधरा दिवसांनी फोन येतो, तो आकडा सांगतो, मी ऐकते. कशासाठी, हे मी विचारत नाही. मला आयुष्यभर प्रश्न विचारायची सवय होती आणि एकच चुकला, तोही पहिलाच.

या संक्रांतीला सकाळीच फोन वाजला. मी तिळगुळाचा पाक करत होते, तो उतरवून ठेवला.

“एकाहत्तर, बाई,” तो म्हणाला. “मागच्या साली व्हतं तेवडंच.”

मी हं म्हटलं.

“तिचं बरूबर व्हतं.”

फोन त्याने बंद केला नाही. तो ओढ्याकाठच्या टेकाडावर उभा असावा. खालून पिंपातून पाणी सांडत असल्याचा आवाज येत होता.